एकवीस नंबरचं दार

“सर, तुम्हाला हे खरंच येतं का?”

प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला, पण तो माझ्या एकटीचा नव्हता. मधल्या सुट्टीत सानिया तांबोळी आणि मागचे दोन बाक माझ्यामागे हात धुऊन लागले होते. “दम असेल तर विचार, नाहीतर आजपासून तू भित्री भागूबाई!” आता मी बारावीत आहे, असल्या पैजांना भीक घालत नाही. पण तेव्हा नववीत होते आणि मला नुकताच आवाज फुटला होता. आठवीपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी, गॅदरिंगला ऐन वेळी सूत्रसंचालन केलं आणि त्या माइकची चटकच लागली. त्यानंतर मला गप्प बसणं म्हणजे शिक्षा वाटायची.

कॉम्प्युटर लॅबचा तास चालू होता. पंधरा मशिन होती आमच्याकडे, त्यातली नऊ चालायची. त्यातल्या एकासमोर देवकुळे सर कानाला फोन लावून घामाघूम उभे होते. त्यांनी फोन खाली घेतला आणि सावकाश वळले.

“कोण बोललं?”

सगळ्या पोरी एकदम कीबोर्डवरची धूळ बघायला लागल्या. मी उभी राहिले.

“मी, सर. गार्गी बागल.”

“पुन्हा विचार. नीट ऐकू आलं नाही.”

ऐकू आलं होतं, कान लाल झाले होते त्यांचे. पण मीही काय कमी? पहिल्यापेक्षा मोठ्यांदा विचारलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“येत नाही असं वाटतं तुला?”

“तीन आठवडे झाले, सर. रोज तेच चाललंय.”

तेच म्हणजे काय, ते सांगते. आमच्या संस्थेच्या चार शाळा. मुख्य आमची, कुर्डुवाडीची. बाकीच्या तिन्हींचे तोंडी परीक्षेचे गुण, स्कॅन केलेल्या प्रकल्पवह्या, सगळं पेनड्राइव्हमधून यायचं. आणि पेनड्राइव्ह यायचा आमच्या बजरंगमामांच्या, म्हणजे शिपायांच्या, खिशातून एसटीनं. एकदा तो मामींनी पँटीसकट धुऊन वाळत घातला. मग मुख्याध्यापिका उपासेबाईंनी फर्मान काढलं, की आपल्या लॅबमधलं एक मशिन सर्व्हर करायचं. बाकीच्या शाळांनी तिथूनच फाइल पाठवायची, ती इथे येऊन पडली पाहिजे. काम देवकुळे सरांचं. शनिवारी संस्थेचे अध्यक्ष बघायला येणार होते. आणि टेंभुर्णीच्या शाळेतून नाव-पासवर्ड टाकला की सर्व्हर म्हणायचा, या. मग फाइलींची यादी मागितली की गप्प. मिनिटभर गप्प, आणि मग संपर्क तुटायचा.

सर माझ्या बाकापर्यंत चालत आले.

“ठीक आहे, बागलबाई. तू करून दाखव. शनिवारपर्यंत. चार ते पाच लॅब तुझी, ते मशिन तुझं. झालं तर मी म्हणेन, बागलला येतं. नाही झालं तर सोमवारी प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माझी माफी मागायची आणि वर्षभर लॅबच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. आहे कबूल?”

माफीचं मला काही नव्हतं. पण लॅब! आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. बाबांचा फोन बाबांबरोबर ड्यूटीवर. शाळा सुटल्यावरचा तो एक तास, एवढंच माझ्या वाट्याला यायचं आणि त्यावर मी आख्खा दिवस काढायची. सानियानं मागून माझ्या वेणीला हिसका दिला, नाही म्हण, नाही म्हण. आधी पैज लावायची आणि मग वेणी ओढायची!

“कबूल,” मी म्हणाले.

“आणि एक. फायरवॉलला हात लावायचा नाही. ती माझ्या खात्यात आहे, माझ्याच खात्यात राहील.”

फायरवॉल म्हणजे मशिनभोवतीची भिंत. तिला हजारो दारं, प्रत्येक दाराला नंबर. बाहेरच्यानं कुठल्या दारातून यायचं हे ती भिंत ठरवते. फाइलींच्या कामाला एकवीस नंबरचं दार असतं. ते सरांनी उघडलं होतं. बाकी सगळं कडेकोट बंद.

बुधवारी मी बसले. सर माझ्या मागच्या खुर्चीत पेपर तपासत बसले. बसले कसले, पहाराच.

“काय, लागला का शोध?”

“बघतेय, सर.”

“बघ बघ. बघायला काही डोकं लागत नाही.”

दहा मिनिटं गेली.

“नववीत मी गुरं राखत होतो, बागल. आणि तू माझी परीक्षा घेतेस.”

मला म्हणावंसं वाटलं, मग गुरांनाही असंच बोलायचात का? पण दात आवळून बसले. सरांचं चारी शाळांमध्ये तासिका तत्त्वावर काम चालायचं, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. सकाळी टेंभुर्णी, दुपारी आम्ही. मोटरसायकलवरून उतरले की आधी कुणावर तरी ओरडायचे आणि मग हेल्मेट काढायचे. आख्ख्या वर्गाला ते नको होते. त्यांनाही आख्खा वर्ग नको होता.

गुरुवारी मला धागा सापडला. यादी मागितली की गप्प बसण्याआधी सर्व्हर एक ओळ लिहायचा, त्यात सहा आकडे. पहिले चार कायम तेच. शेवटचे दोन दर वेळी वेगळे. मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेले. मग त्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं शब्दकोश घेऊन वाचली. पाचव्या आकड्याला दोनशे छपन्ननं गुणायचं आणि सहावा मिळवायचा. एकदा आले होते एकशे पंच्याण्णव आणि ऐंशी. गुणाकार केला, ऐंशी मिळवले, उत्तर बरोब्बर पन्नास हजार! मी बाकावर हात आपटला.

“काय झालं?” सानिया दचकली.

“अगं, दार! हा दाराचा नंबर आहे. एकवीसमधून नुसतं बोलणं होतं. सामान दुसऱ्या दारातून येतं, आणि ते दार सर्व्हर दर वेळी नवीन निवडतो. स्टेशनवर कसं? चौकशीची खिडकी वेगळी, पार्सलचं दार वेगळं. चौकशीवाला सांगतोय, जा, अमुक दारातून उचल. आणि तिथे भिंत!”

“मग पार्सलचं दार उघड की.”

“कितवं? हजारो आहेत.”

त्याचंही उत्तर त्याच पानात होतं. सर्व्हरलाच सांगायचं, बाबा रे, कुठलीही नको, ही दहाच दारं वापर. पन्नास हजार ते पन्नास हजार नऊ. तेवढं सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती, ते मी करून टाकलं. राहिली भिंत. तिच्यात तीच दहा दारं पाडली की काम फत्ते. मी वही घेऊन नाचतच सरांकडे गेले. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात पैजबिज काही नव्हती. मला वाटलं, सर म्हणतील, अरेच्चा!

सरांनी वहीचं पान वाचलं. दोनदा वाचलं. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

“मी काय सांगितलं होतं?”

“पण सर, भिंतीत दहा दारं उघडल्याशिवाय होणारच नाही.”

“मग होणारच नाही. म्हण, मला येत नाही.”

“सर, तुम्ही उघडा ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं?” त्यांनी वही माझ्या अंगावर फेकली. “तीन आठवडे मी झक मारत होतो काय इथे? चल, नीघ.”

मी निघाले. जिना उतरताना सानिया म्हणाली, “त्याला कळलंय गं, तुझं बरोबर आहे ते. म्हणूनच भडकला.” आणि मग, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, अगदी सहज, “त्याचा पासवर्ड काय, आख्ख्या वर्गाला माहीत आहे.”

होताच माहीत. सर एका बोटानं टाइप करायचे आणि तोंडानं पुटपुटायचे. त्यांच्या मोटरसायकलचा नंबर.

शुक्रवारी चार वाजता सर बाईंच्या मीटिंगला गेले. सानियानं तिच्या अम्मीचा फोन डब्याच्या पिशवीत ओढणीत गुंडाळून आणला होता, शाळेत फोनला बंदी. ती जिन्यात जाऊन बसली, म्हणजे बाहेरून यादी मागणारी टेंभुर्णीची शाळा ती. मी सरांच्या खात्यात शिरले. बोटं भराभर चालत होती. आधी खात्री करावी म्हणून आख्खी भिंतच खाली घेतली. एक क्लिक. पडद्यावरची हिरवी ढाल लाल झाली.

“आता बघ!”

“आली!” जिन्यातून सानिया किंचाळली. “आली गं आली! सगळी यादी आली!”

म्हणजे दोष भिंतीतच होता, माझा गुणाकार खरा होता! मी लगेच दहा दारांचा नियम लिहिला, जपून लिहिला, आकडे दोनदा तपासले, सेव्ह केलं. तेवढ्यात सानिया धावत आत आली आणि आम्ही दोघी मशिनभोवती फुगडी घालायला लागलो. दारात बजरंगमामा किल्ल्या वाजवत उभे.

“ए पोरींनो, आटपा! माजी गाडी चुकवता का काय?”

“झालं मामा, झालंच!”

खात्यातून बाहेर पडले, दप्तर उचललं, पळाले.

शनिवारी अध्यक्ष आले, नारळ फुटला. टेंभुर्णीच्या बाईंनी तिथून फाइल पाठवली. आम्ही सगळे पडद्याकडे डोळे लावून. नऊ सेकंदांत फाइल आली, उघडली, त्यात अध्यक्षांचाच फोटो! टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी सरांचा हात हातात घेतला, तशी मागून सानिया ओरडली, “गार्गीनं केलंय ते!” आणि वर्ग पेटला. “गार्गी! गार्गी!” उपासेबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

“हिनं केलं?”

“हो,” सर म्हणाले. एवढंच. मग पाहुणे चहाला गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “फायरवॉलला हात लावलास?”

“नाही, सर.”

मी त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाले. “सोमवारी बघतो मी,” सर म्हणाले, आणि पाहुण्यांच्या कपबशा उचलायला गेले.

सोमवारी लॅबला कुलूप होतं. दुसऱ्या तासाला सोलापूरहून मशिन तपासायला एक माणूस आला. आम्ही वह्यांचे गठ्ठे घेऊन स्टाफरूमकडे चाललो होतो आणि बाईंचा आवाज पार व्हरांड्यापर्यंत येत होता.

“चार शाळांचे गुण, देवकुळे! एक फाइल उघडत नाही. बाहेरच्या कुणीतरी घुसून सगळ्यांना कुलूप घातलंय, प्रत्येक फाइलच्या नावाला शेपूट लागलंय. दोन दिवस मशिन उघडं टाकलंत तुम्ही.”

“बाई, मी उघडं टाकलं नाही.”

“मशिनच्या नोंदीत हे काय लिहिलंय मग? शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी फायरवॉल बंद. खातं तुमचं. नंतर चालूच केलेली नाही. बाहेरून कुणीही यावं आणि घुसावं!”

माझ्या हातातल्या वह्या एकदम जड झाल्या. मी दहा दारं लिहिली होती. आकडे दोनदा तपासले होते. पण भिंत? भिंत खाली घेतली, सानिया किंचाळली, दारं लिहिली, फुगडी घातली. परत उभी केली कधी? मी पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. लाल ढाल हिरवी झालेली मला आठवतच नव्हती, कारण ती झालीच नव्हती. शनिवारी टाळ्या पडल्या तेव्हा माझी दहा दारं नुसती हवेत उभी होती.

“बाई, चार वाजता मी तुमच्यासमोर मीटिंगमध्ये बसलो होतो,” सरांचा आवाज.

“मधे दोनदा फोन घ्यायला बाहेर गेला होतात. बघा देवकुळे, मला वर उत्तर द्यायचंय. उद्यापासून येऊ नका. पुढचं संस्था कळवेल.”

मधल्या सुट्टीत बातमी फुटली आणि आमच्या वर्गात दिवाळी. कुणी बाक वाजवले, कुणी फळ्यावर हेल्मेटचं चित्र काढून त्याला हार घातला. सानियानं मला मिठी मारली.

“लॅब आपली! देवकुळ्या गेला! बाई म्हणाल्या म्हणे, नवीन मास्तर येईपर्यंत गार्गी मॉनिटर.”

“सानिया, भिंत मीच...”

“श्श!” तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “मला माहीत आहे. पण कुणाला माहीत आहे का? नाही ना? मग झालं तर.”

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम मागच्या जिन्यानं निघाले. आणि नेमके सर तिथेच, हातात हेल्मेट, पिशवीत डस्टर, स्वतःचा माउस आणि स्टीलचा डबा.

“थांब, बागल.”

थांबले.

“तूच ना?”

“काय, सर?”

“नाटक नको. तूच ना?”

ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं.

“शनिवारी विचारलं, तर सरळ नाही म्हणालीस. डोळ्याला डोळा भिडवून. बरं जमतं तुला.”

“तुम्ही दहा दारं उघडली असती तर मला...” माझा आवाज चढला. “मी तुम्हाला सांगायला आले होते! वही फेकलीत तुम्ही माझ्या अंगावर!”

“फेकली. आणि पुन्हा आलीस तर पुन्हा फेकीन.” त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “आत्ता बाईंकडे जाऊन तुझं नाव घेऊ शकतो मी. पण काय सांगू? माझा पासवर्ड नववीच्या पोरींना पाठ आहे? मला तीन आठवड्यांत जमलं नाही ते एका पोरीनं केलं? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.”

“सर, मी...”

“सॉरी म्हणू नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही.”

गाडीला तीन लाथा मारल्या तेव्हा ती सुरू झाली. नंबर प्लेट माझ्या डोळ्यासमोरून गेली.

घरी आले तेव्हा बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते. ते रेल्वेत सिग्नल खात्यात, रुळांजवळची यंत्रं आणि वायरी सांभाळायचं काम. मोरीत साबणाची पावडर चोळून हाताचं ग्रीस काढत होते. आई भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं, एका दमात, रडले अजिबात नाही.

आईचा हात परातीतच थांबला.

“कुणाला सांगितलंस?”

“सानियाला माहीत आहे. आणि सरांना.”

“मग आता तिसऱ्याला कळता कामा नये. काय गरज आहे? त्या मास्तरनं तुला कधी सुखानं बसू दिलं? वर्षभर नुसता वचावचा अंगावर. त्याच्यासाठी तू लॅब घालवणार? शाळेतून काढलं तर?”

“काढतील का गं?”

“पासवर्ड चोरला म्हणतील. काढणार नाहीत तर काय ओवाळतील?”

बाबा हात पुसत बाहेर आले. मला वाटलं, आता फटका बसणार. ते समोर पाटावर बसले.

“भिंत खाली घेताना कुणाला सांगितलं होतंस?”

“नाही.”

“मेमो नाही दिलास?”

“कसला मेमो?”

“आम्ही सिग्नलची साधी एक वायर सोडवायची म्हटलं तरी आधी स्टेशन मास्तरला कागद द्यावा लागतो. अमुक यंत्र, अमुक वेळेपासून बंद. तो सही करतो, मग हात लावायचा. काम झालं की दोघांनी मिळून तपासायचं आणि दुसरा कागद, अमुक वेळेला चालू. त्याला माहीत असतं, मधल्या वेळात तिथून गाडी सोडायची नाही.”

“आणि चालू करायचं विसरलं तर?”

“माणूस विसरतोच. म्हणून तर कागद.”

“ही काय रेल्वे आहे का?” आई तडकली. “पोरीचं काय करायचं ते बोला. त्या मेल्या मास्तरचं तोंड बघायच्या लायकीचं नाही आणि तुम्ही कागद काढत बसलाय.”

“आमचा स्टेशन मास्तर शिंगटे तरी कुठे तोंड बघण्यासारखा आहे?” बाबा म्हणाले. “चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नाही. माझी बदली व्हावी म्हणून अर्ज करतो तो. मी दिसलो की खिडकी लावतो.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? खिडकीच्या फटीतून मेमो सरकवतो.”

आईनं भाकरी तव्यावर टाकली, जरा जोरातच. बाबा उठून पाणी प्यायला गेले. मला काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. पुढे आमचं काय होईल, सर परत येतील का, आले तर माझ्याशी कसे वागतील, हे मी सगळं मनात मांडून बघितलं. प्रत्येक वेळी ते माझ्यावर ओरडतच होते. त्यांच्याबद्दलचा माझा राग तसूभरही कमी झाला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. मी उठून आईच्या समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला माझ्याकडे बघावंच लागलं.

“आई, बाबा, ऐका. उद्या सकाळी प्रार्थनेच्या आधी मी उपासेबाईंच्या ऑफिसात जाणार आहे. शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी सरांच्या खात्यातून मी शिरले, भिंत मी खाली घेतली, उभी करायची मी विसरले, आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. हे सगळं लिहून, खाली सही करून देणार. लॅब गेली तर जाऊ दे. काढलं शाळेतून, तर काढू देत. आणि तुम्हा दोघांपैकी कुणीही माझ्याबरोबर यायचं नाही.”